बाल व किशोरवयीन मनोविकारतज्ज्ञ व्हायचे असेल तर: बारावीनंतरच्या साडेअकरा वर्षांची वाट

बारावीनंतर साडेपाच वर्षे एमबीबीएस, त्यानंतर तीन वर्षे मनोविकारशास्त्रात एमडी आणि पुढे तीन वर्षे बाल व किशोरवयीन मनोविकारशास्त्रात डीएम ही अतिविशेष पदवी, अशी ही वाट आहे. कागदावरचा हिशेब साडेअकरा वर्षांचा होतो. पदव्युत्तर प्रवेशाच्या तयारीत जाणारे एखादे वर्ष आणि शासकीय महाविद्यालयात शिकलेल्यांना करावी लागणारी बंधपत्रित सेवा धरली, तर अठराव्या वर्षी निघालेला विद्यार्थी बत्तिशीच्या आसपास मुक्कामी पोहोचतो. या सगळ्या काळात केवळ मुलांसाठी राखलेली वर्षे शेवटची तीनच असतात, आणि त्या तीन वर्षांच्या जागा देशात इतक्या थोड्या आहेत की मनापासून इच्छा असलेल्या अनेकांना त्या मिळत नाहीत. म्हणून या लेखात प्रवेशपरीक्षांची माहिती देतानाच मी एका गोष्टीवर पुन्हा पुन्हा येणार आहे: मुलांना समजून घेण्याचे शिक्षण डीएमपर्यंत थांबवून ठेवता येत नाही, ते पहिल्या वर्षापासून स्वतःच उभे करावे लागते.

आधी वाट नक्की कोणती, हे ठरवा

माझ्याकडे सल्ल्यासाठी येणाऱ्या विद्यार्थ्यांपैकी बऱ्याच जणांचा मुळातच गोंधळ असतो. मुलांच्या मनाशी संबंधित काम करणारे व्यावसायिक अनेक आहेत. मनोविकारतज्ज्ञ हा डॉक्टर असतो. तो शारीरिक तपासणी करतो, निदान करतो, औषधे देतो आणि मानसोपचारही करतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेऊन पुढे विशेष प्रशिक्षण घेतो, भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी करतो आणि बुद्धिमापन व मानसोपचार यांत पारंगत असतो. मनोविकार समाजकार्यकर्ता कुटुंब, शाळा आणि शासकीय यंत्रणा यांच्याशी रुग्णाची गाठ घालून देतो. विकासात्मक बालरोगतज्ज्ञ हा बालरोगशास्त्रातून आलेला डॉक्टर असून बोलणे, चालणे, शिकणे यांतील विलंबावर त्याचा भर असतो. ज्याला मुलांशी दीर्घकाळ बोलत राहण्याची ओढ आहे, पण रात्रपाळीची रेसिडेन्सी (रुग्णालयात काम करत घ्यायचे पदव्युत्तर प्रशिक्षण) आणि औषधशास्त्र यांचे आकर्षण नाही, त्याने चिकित्सा मानसशास्त्राकडे जावे. त्यात कमीपणा काहीच नाही, आणि आपल्याकडे चांगल्या मानसशास्त्रज्ञांची उणीव डॉक्टरांइतकीच तीव्र आहे.

2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 या वयोगटातील 7.3 टक्के मुलांमध्ये मानसिक विकार आढळले होते. ही मुले आज बहुतांशी बालरोगतज्ज्ञाकडे किंवा फॅमिली डॉक्टरकडे जातात, नाहीतर कोणाकडेच जात नाहीत. मुंबईत 1937 साली सर दोराबजी टाटा समाजकार्य संस्थेने देशातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले, म्हणजे या कामाची सुरुवात आपल्याच मातीत झाली. तरीही महाराष्ट्रातल्या बहुसंख्य जिल्ह्यांत मुलांसाठी वेगळा मनोविकारतज्ज्ञ आजही मिळत नाही. या क्षेत्रात येणाऱ्याने ही वस्तुस्थिती डोळ्यांसमोर ठेवावी, कारण पुढे आपण कुठे काम करणार याचा विचार तिच्यापासून सुरू होतो.

एमबीबीएसची वर्षे: आजाराआधी निरोगी मूल पाहा

प्रवेश नीट-यूजीमधून होतो आणि साडेचार वर्षांच्या अभ्यासक्रमानंतर एक वर्षाची सक्तीची आंतरवासिता (इंटर्नशिप) असते. मनोविकारशास्त्राचा वाटा या काळात फारच लहान आहे. त्याची स्वतंत्र विद्यापीठीय परीक्षा नसते, ते औषधवैद्यकशास्त्राच्या (जनरल मेडिसिनच्या) पोटात येते. वॉर्डातील पोस्टिंग जेमतेम दोन-चार आठवड्यांचे आणि आंतरवासितेतही दोनच आठवडे. बरेच विद्यार्थी ही पोस्टिंग म्हणजे पीजीच्या अभ्यासासाठी मिळालेली सुट्टी समजतात. तुम्ही तसे समजू नका. त्या दोन आठवड्यांत बाह्यरुग्ण विभागात बसून वरिष्ठ डॉक्टर एखाद्या मुलाशी पहिले वाक्य कोणते बोलतात, आईला बोलते कसे करतात आणि कधी गप्प राहतात, एवढेच टिपून ठेवले तरी पुष्कळ होते.

या वर्षांतला खरा अभ्यास बालरोग विभागात आणि रुग्णालयाबाहेर आहे. बाळ दोन महिन्यांच्या सुमारास ओळखीचे हसू देते, वर्षाच्या आसपास पहिला अर्थपूर्ण शब्द बोलते, दोन वर्षांचे होईतो दोन शब्दांचे वाक्य जोडते, हे टप्पे परीक्षेपुरते पाठ करून भागत नाही. शंभर निरोगी मुले जवळून पाहिल्याशिवाय एकशे एकावे मूल वेगळे का वाटते हे सांगता येत नाही. त्यासाठी माझा सल्ला अगदी साधा आहे: गावाकडे गेलात की जवळच्या अंगणवाडीत सेविकाताईंची परवानगी घेऊन दोन-तीन सकाळी कोपऱ्यात बसा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात मुलांच्या अंगणातच शाळा नेली, कारण मूल त्याच्या स्वतःच्या जागी जसे असते तसे इतरत्र दिसत नाही. डॉक्टरलाही तेच लागू आहे. तीन वर्षांचे मूल दुसऱ्याच्या हातातली बाहुली कशी मागते, चार वर्षांचे मूल खोटे खोटे जेवण कसे वाढते, कोण एकटे बसते आणि बोलावल्यावर वळून पाहते की नाही, हे वहीत लिहून ठेवा. पुढे स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान करताना ही वही कोणत्याही ग्रंथाइतकी उपयोगी पडते.

पदव्युत्तर प्रवेश आणि सीट निवडण्याचे निकष

एमडी आणि डीएनबी (राष्ट्रीय परीक्षा मंडळाची एमडीशी समकक्ष पदवी) या दोन्हींसाठी नीट-पीजी ही परीक्षा द्यावी लागते. एम्स, चंदीगडची पीजीआय, पुदुच्चेरीची जिपमर, बंगळूरची निम्हान्स अशा राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांसाठी आयएनआय-सीईटी ही वेगळी परीक्षा वर्षातून दोनदा होते. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यातून आणि निम्म्या राज्य कोट्यातून भरल्या जातात. महाराष्ट्रात राज्य कोट्याची प्रक्रिया सीईटी कक्ष चालवतो. बंधपत्राच्या अटी आणि न पाळल्यास भरावयाची रक्कम यांत शासनाने वेळोवेळी बदल केले आहेत, म्हणून मागच्या बॅचच्या मित्राने सांगितले त्यावर न जाता त्या वर्षीचे माहितीपत्रक स्वतः वाचावे.

पसंतीक्रम भरताना विद्यार्थी महाविद्यालयाचे नाव आणि मागील वर्षाचा कट-ऑफ पाहतात. मुलांचे काम करायचे असेल तर याहून वेगळे प्रश्न विचारायला हवेत, आणि ते तिथल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला फोन करून विचारावेत. आठवड्यातून एक तरी दिवस बालमार्गदर्शन ओपीडी नियमित चालते का? तिथे रेसिडेंट स्वतः मुलाची मुलाखत घेतो की फक्त औषध पुन्हा लिहून देतो? विभागात कायमस्वरूपी चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आहे का? बालरोग विभागाशी संबंध कसे आहेत, म्हणजे तिथून रेफरन्स येतात का आणि एकत्र चर्चा होते का? अध्ययन अक्षमतेची तपासणी होते का? मुंबईतील केईएम, शीव, नायर, जेजे, पुण्याचे बी. जे. वैद्यकीय महाविद्यालय, गोव्यात बांबोळीची मनोविकार व मानवी वर्तन संस्था अशा ठिकाणी रुग्णसंख्या भरपूर असते. तरी वरच्या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक ठिकाणी वेगळी आणि दर तीन-चार वर्षांनी बदलणारी असतात. फक्त मनोरुग्णालयाशी जोडलेल्या जागेत प्रौढांचे तीव्र आजार उत्तम शिकायला मिळतात, परंतु मुले क्वचित दिसतात. तशी जागा घेतलीत तर मुलांचे काम बाहेरून मिळवण्याची तयारी पहिल्याच दिवसापासून ठेवावी लागेल.

एमडीची तीन वर्षे

पहिले वर्ष प्रौढ रुग्णांचे आणि रात्रपाळ्यांचे असते, आणि ते तसेच असावे. स्किझोफ्रेनिया, द्विध्रुवीय विकार, व्यसने आणि प्रसूतीनंतरचे आजार नीट कळल्याशिवाय मुलांकडे वळू नये, कारण ओपीडीत मुलाला घेऊन आलेल्या पालकांपैकी एखादा स्वतःच आजारी असतो आणि ते ओळखता आले नाही तर मुलावरचे उपचार जागच्या जागी राहतात. दारू पिणाऱ्या वडिलांच्या घरातल्या दहा वर्षांच्या मुलाला केवळ अवधान-चंचलतेचे (एडीएचडीचे) औषध देऊन परत पाठवणे म्हणजे छपराला भोक असताना खालची जमीन पुसत बसणे होय.

मुलांच्या पोस्टिंगचा कालावधी संस्थेनुसार काही आठवडे ते काही महिने असतो. या काळात शिकण्याची पहिली गोष्ट म्हणजे इतिहास घेणे. प्रौढ रुग्णात माहिती देणारे प्रामुख्याने दोघे असतात, रुग्ण आणि नातेवाईक. मुलाच्या बाबतीत आई, वडील, आजी-आजोबा, शिक्षक आणि स्वतः मूल अशी पाच तोंडे असतात आणि पाचही जण वेगळे सांगतात. त्यांपैकी खरे कोण हे ठरवण्याची घाई करू नये. शाळेत चंचल आणि घरी शांत असलेल्या मुलाबाबत शिक्षिका व आई दोघीही खरेच बोलत असतात, आणि तो फरक हाच निदानाचा धागा असतो.

पहिल्या भेटीसाठी किमान पाऊण तास ठेवावा. मी ज्या पद्धतीने करतो ती सांगतो. सर्वांना एकत्र आत घ्यायचे आणि पालकांशी बोलण्याआधी मुलाशी बोलायचे. नाव विचारण्याऐवजी "इथपर्यंत कशाने आलात, एसटीने की रिक्षाने?" असे विचारले की मूल बहुधा उत्तर देते, कारण त्याचे उत्तर चुकणार नाही हे त्याला माहीत असते. टेबलावर कोरे कागद, खडू-रंग आणि भातुकलीची चार भांडी असावीत. महागडी खेळणी लागत नाहीत. मग पालक तक्रार सांगत असताना मूल काय करते याकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून लक्ष ठेवायचे. "हा फार खोटं बोलतो," असे आई म्हणते तेव्हा रंगवणारा हात थांबतो का, हे पाहायचे. त्यानंतर पालकांना बाहेर बसवून मुलाशी एकट्याने बोलायचे, आणि शेवटी मुलाला बाहेर ठेवून पालकांशी. किशोरवयीन मुलगा किंवा मुलगी असेल तर एकांतातल्या बोलण्याच्या सुरुवातीलाच सांगायचे की तू सांगशील ते मी आईबाबांना सांगणार नाही, परंतु तुझ्या जिवाला किंवा दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल, किंवा कोणी तुझ्यावर अत्याचार करत असेल, तर मला ते पुढे सांगावेच लागेल. ही मर्यादा आधी न सांगता नंतर तोडली, तर ते मूल पुन्हा कोणत्याही डॉक्टरवर विश्वास ठेवत नाही.

माझी एक चूक इथे सांगणे आवश्यक वाटते. एमडीच्या दुसऱ्या वर्षात माझ्याकडे सात वर्षांची एक मुलगी आली. कुटुंब धुळे जिल्ह्यातून कामासाठी शहरात आले होते. शाळेच्या पत्रात लिहिले होते की मुलगी वर्षभर वर्गात एक शब्दही बोललेली नाही, मतिमंद असावी. मी प्रमाण मराठीत प्रश्न विचारले, ती जमिनीकडे पाहत राहिली. बुद्धिमापनातही ती जवळजवळ गप्पच राहिली, गुणांक अर्थातच कमी आला, आणि मी बौद्धिक अक्षमतेचे तात्पुरते निदान लिहून टाकले. दुपारी कॅन्टीनबाहेर ती मला पुन्हा दिसली. आजीच्या हातातल्या शंभराच्या नोटेतून तीन वडापाव आणि दोन चहा वजा करून किती परत यायला हवेत, हे ती आजीला अहिराणीत घडाघडा सांगत होती आणि दुकानदाराने पाच रुपये कमी दिले आहेत हेही दाखवून देत होती. मी वरिष्ठांना ही हकिकत सांगितली तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "ती कोणत्या भाषेत गप्प आहे?" पुढच्या भेटीत आजीला शेजारी बसवून "तुनं नाव काय शे?" असे विचारले तर तिने मान वर केली, हसली आणि तरीही बोलली नाही, पण मराठीतल्या प्रत्येक प्रश्नाला कागदावर बरोबर उत्तर काढून दाखवले. मराठी तिला कळत होती, घरी ती मुक्तपणे बोलत होती, अनोळखी माणसांपुढे मात्र चिंतेने तिचा आवाज अडत होता. तो निवडक मौनाचा विकार होता. माझ्या निदानाचा शिक्का कायम राहिला असता, तर त्या मुलीची शाळाच बदलली असती.

यातून प्रशिक्षणार्थीने घेण्यासारख्या गोष्टी अगदी ठोस आहेत. बुद्धिमापनाचा आकडा वाचण्याआधी चाचणी कोणत्या भाषेत घेतली, मूल किती बोलले आणि परीक्षकाने शेऱ्यात काय लिहिले ते वाचावे. व्ही. व्ही. कामत यांनी स्वातंत्र्यपूर्व काळातच बिने चाचणीचे रूपांतर मराठी व कन्नड मुलांसाठी केले होते, कारण भाषेचा हा प्रश्न त्यांना तेव्हाच दिसला होता. बिने-कामत चाचणी आजही आपल्या रुग्णालयांत वापरली जाते. बुद्ध्यंकाच्या जोडीला सामाजिक परिपक्वतेचे मापन नेहमी असावे, म्हणजे मूल स्वतः जेवते का, दुकानातून वस्तू आणते का, रस्ता ओलांडते का, याची नोंद. स्वमग्नतेसाठी इसा ही भारतीय मापनश्रेणी शिकून घ्यावी. तिच्यात 40 बाबी असून एकूण गुण 70 ते 106 असल्यास सौम्य, 107 ते 153 मध्यम आणि त्यापुढे तीव्र असे वर्गीकरण होते. चाचण्या मानसशास्त्रज्ञ घेत असला तरी डॉक्टरने किमान दहा-बारा वेळा शेजारी बसून त्या पूर्ण पाहाव्यात.

औषधांचे शिक्षण वेगळे घ्यावे लागते. मुलांत मात्रा वजनाप्रमाणे आणि अगदी थोडीथोडी वाढवत न्यायची असते. उंची-वजनाचा तक्ता, नाडी, रक्तदाब यांची नोंद प्रत्येक भेटीत ठेवायची असते. अवधान-चंचलतेसाठी वापरले जाणारे मिथाइलफेनिडेट हे परिशिष्ट एक्समधील औषध आहे, त्यामुळे त्याचे प्रिस्क्रिप्शन दोन प्रतींत लिहावे लागते आणि तालुक्याच्या गावी बहुतेक औषधविक्रेते ते ठेवत नाहीत. औषध लिहिण्याआधी ते पालकांना कुठे मिळेल हे माहीत करून घेणे हासुद्धा उपचाराचा भाग आहे. किशोरवयीन मुलांना नैराश्यविरोधी औषध सुरू केल्यावर पहिल्या काही आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात, म्हणून पुढची तारीख महिन्याची न देता आठवड्याची द्यावी आणि घरात कोण लक्ष ठेवणार हे नावानिशी ठरवावे. रिस्पेरिडोन या मनोविकारावरील औषधाने वजन झपाट्याने वाढू शकते, हे पालकांना आधीच सांगावे. आणि औषधाआधी किंवा औषधासोबत पालक-प्रशिक्षण, वर्तनोपचार, बोधात्मक वर्तनोपचार (सीबीटी), कुटुंबोपचार यांपैकी किमान दोन पद्धती पर्यवेक्षणाखाली पूर्ण करून पाहाव्यात. पर्यवेक्षण म्हणजे सत्र झाल्यावर वरिष्ठांसमोर बसून आपण नेमके कोणते वाक्य बोललो ते सांगणे; सारांश सांगून भागवल्यास चुका झाकल्या जातात.

थिसिससाठी मुलांचा विषय घ्यायचा असेल तर पहिल्या सहा महिन्यांतच गाईडशी बोलावे. नैतिकता समितीकडे अर्ज करताना पालकांची संमती पुरेशी नसते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार 7 ते 12 वर्षांच्या मुलांची तोंडी आणि 12 ते 18 वर्षांच्या मुलांची लेखी सहमती घ्यावी लागते, आणि ती मुलाला समजेल अशा मराठीत लिहावी लागते. शाळांत जाऊन नमुना गोळा करायचा असेल तर परवानग्या आणि परीक्षांचे वेळापत्रक यांत वर्ष सहज निघून जाते, म्हणून ओपीडीवर आधारलेला छोटा, नेमका विषय मी नेहमी सुचवतो. जिल्हा रुग्णालयातील तीन महिन्यांची सक्तीची रेसिडेन्सी अनेकांना शिक्षा वाटते. मुलांचे काम करणाऱ्यासाठी ती संधी आहे: राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळा-अंगणवाड्यांतून मुले कशी शोधतात, जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात काय होते, किशोरवयीनांसाठीच्या मैत्री क्लिनिकमध्ये कोण येते, हे तिथे प्रत्यक्ष पाहून घ्यावे.

कायदा तोंडपाठ हवा

या शाखेत कायद्याचे अज्ञान थेट मुलाला इजा करते, म्हणून चार कायदे मुळातून वाचावेत. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 नुसार 18 वर्षांखालील मुलाला अपवादात्मक परिस्थितीतच दाखल करता येते. नामनिर्देशित प्रतिनिधीचा (मुलाच्या बाबतीत सहसा पालकाचा) अर्ज लागतो, दोन मनोविकारतज्ज्ञांनी, किंवा एका मनोविकारतज्ज्ञाने व एका अन्य पात्र व्यावसायिकाने, स्वतंत्रपणे तपासणे आवश्यक असते, प्रौढांपासून वेगळी जागा द्यावी लागते, प्रतिनिधीने अथवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने पूर्ण काळ सोबत राहावे लागते आणि 72 तासांच्या आत मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवावे लागते. मुलांना विद्युत उपचार (मेंदूला नियंत्रित विद्युत झटका देणारा ईसीटी) देण्यास एरवी बंदी आहे. तो अत्यावश्यक वाटल्यास पालकाची संमती आणि मंडळाची पूर्वपरवानगी दोन्ही लागतात.

पोक्सो कायदा, 2012 नुसार लैंगिक अत्याचाराची माहिती मिळालेल्या प्रत्येकाने ती कळवणे बंधनकारक आहे आणि डॉक्टर त्याला अपवाद नाही. सोळा-सतरा वर्षांची मुलगी स्वखुशीच्या संबंधांबद्दल सांगते तेव्हा हे बंधन फार जड वाटते. अशा वेळी एकट्याने निर्णय न घेता वरिष्ठ आणि समाजकार्यकर्ता यांना त्याच दिवशी सोबत घ्यावे व मुलीला प्रत्येक टप्पा आधी समजावून सांगावा. बाल न्याय अधिनियम, 2015 खाली घृणास्पद गुन्ह्याचा आरोप असलेल्या 16 ते 18 वयोगटातील मुलाचे प्राथमिक मूल्यमापन होते व त्यात बाल न्याय मंडळ मानसशास्त्रज्ञ आदी तज्ज्ञांची मदत घेऊ शकते. दिव्यांगजन हक्क अधिनियम, 2016 मध्ये स्वमग्नता, विशिष्ट अध्ययन अक्षमता आणि बौद्धिक अक्षमता यांसह 21 प्रकार आहेत. प्रमाणपत्राच्या दिवशी ओपीडीत लागणारी रांग पाहून वैतागू नये, कारण दहावीच्या परीक्षेत त्या मुलाला मिळणारा जादा वेळ किंवा लेखनिक त्याच कागदावर अवलंबून असतो.

डीएम आणि ते न मिळाल्यास

डीएमसाठी एमडी किंवा डीएनबी मनोविकारशास्त्र झालेले असावे लागते. प्रवेश नीट-एसएस आणि राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थांसाठीच्या आयएनआय-एसएस या परीक्षांतून होतात. कोणती संस्था कोणत्या मार्गाने जागा भरते हे त्या सत्राच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. निम्हान्समध्ये मुलांचा स्वतंत्र विभाग आणि आंतररुग्ण व्यवस्था आहे, चंदीगडच्या पीजीआयमध्येही हा अभ्यासक्रम चालतो. तीन वर्षांत अर्भकावस्थेपासून किशोरवयापर्यंतचे आजार, बालचेताशास्त्र (मुलांच्या मेंदू-मज्जासंस्थेचे आजार), न्यायवैद्यकीय काम, शाळा व बालगृहांतील काम आणि संशोधन असे सर्व करावे लागते. मुलाखत असेल तर तुम्ही एमडीत किती मुले स्वतः पाहिलीत, हा प्रश्न येतोच, आणि लॉगबुकातल्या नीट लिहिलेल्या तीस केस तिथे तीनशे आकड्यांपेक्षा जास्त बोलतात.

जागा मिळाली नाही म्हणून हे काम सोडू नये, असे मी आग्रहाने सांगतो. मुलांचे काम असलेल्या विभागात सिनिअर रेसिडेन्सी घ्यावी, बाल मार्गदर्शनाची ओपीडी स्वतःकडे मागून घ्यावी, मान्यताप्राप्त फेलोशिप शोधावी. फेलोशिपच्या जाहिराती पुष्कळ दिसतात. काही आठवड्यांच्या ऑनलाइन वर्गाला आकर्षक नाव दिलेले असते. प्रत्यक्ष मुले पाहायला मिळणार का आणि पर्यवेक्षण कोण करणार, ही दोन उत्तरे समाधानकारक नसतील तर पैसे भरू नयेत. भारतीय बाल व किशोरवयीन मानसिक आरोग्य संघटना 1991 पासून कार्यरत आहे. तिच्या परिषदांना रेसिडेंट असतानाच जावे, कारण देशभरातील मोजकी माणसे तिथे एका छताखाली भेटतात. याच विषयाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपले संपूर्ण पाठ्यपुस्तक संकेतस्थळावर मोफत ठेवले आहे, तेही एमडीच्या दुसऱ्या वर्षापासून वाचायला घ्यावे.

परदेशाचा विचार असेल तर

ब्रिटनमध्ये मूलभूत मनोविकार प्रशिक्षण तीन वर्षांचे असते, त्या काळात एमआरसीसायकच्या (तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या सदस्यत्वाच्या) दोन लेखी आणि एक प्रात्यक्षिक परीक्षा द्याव्या लागतात, आणि पुढील तीन वर्षे मुलांच्या शाखेत उच्च प्रशिक्षण असते. अमेरिकेत यूएसएमएलई या वैद्यकीय परवाना परीक्षेनंतर चार वर्षांची मनोविकार रेसिडेन्सी आणि दोन वर्षांची बाल-किशोर फेलोशिप असते. तिसऱ्या वर्षानंतरच फेलोशिपला गेल्यास एकूण पाच वर्षांत ती पूर्ण होते. जर्मनीत ही शाखा प्रौढांच्या शाखेपासून पहिल्या दिवसापासूनच वेगळी आहे, परंतु मुलांशी बोलायचे असल्याने जर्मन भाषा कामचलाऊ असून भागत नाही. भारतातील एमडीनंतर परदेशी गेलेल्यांना बरेचसे प्रशिक्षण नव्याने करावे लागते, म्हणून जायचे असेल तर हा निर्णय आंतरवासितेत घ्यावा, एमडीच्या शेवटी नव्हे.

काम सुरू करताना

पात्रता मिळाल्यावर अतिरिक्त पदवीची नोंद राज्य वैद्यकीय परिषदेकडे करून घ्यावी. जिल्ह्याच्या ठिकाणी स्वतःचा दवाखाना काढणाऱ्याने पहिल्या महिन्यातच तीन भेटी कराव्यात: गावातील बालरोगतज्ज्ञांच्या, दोन-तीन शाळांच्या मुख्याध्यापकांच्या आणि बाल कल्याण समितीच्या. वाक्-उपचारतज्ज्ञ आणि व्यवसायोपचारतज्ज्ञ (ऑक्युपेशनल थेरपिस्ट) जवळपास कोण आहे त्याची यादी करावी. कोणी नसेल तर आठवड्यातून एक दिवस शेजारच्या शहरातून येणारे शोधावेत. दवाखान्याची वेळ शाळा सुटल्यानंतरचीही ठेवावी, नाहीतर उपचारासाठी मुलांची शाळा बुडते. तातडीच्या प्रसंगी पालकांना देण्यासाठी टेलि-मानस या शासकीय मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 आणि मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा 1098 हे क्रमांक प्रिस्क्रिप्शनच्या खालीच छापून घ्यावेत.

दिवसाला किती मुले पाहायची हेही सुरुवातीलाच ठरवावे. नवीन मूल असेल तर पाऊण तास आणि जुने असेल तर वीस मिनिटे धरली, तर संध्याकाळच्या चार तासांत आठ-नऊच मुले होतात. पहिल्या दोन वर्षांत उत्पन्नाचा ताण येऊन ही संख्या दुप्पट करण्याचा मोह होतो. त्याऐवजी सकाळच्या वेळेत प्रौढ रुग्ण पाहावेत आणि संध्याकाळ मुलांसाठी राखून ठेवावी. महिन्यातून एकदा दोन-तीन समव्यावसायिकांसह ऑनलाइन का होईना, आपल्या अडलेल्या केस मांडाव्यात, आणि त्यात मुलाच्या ओळखीची कोणतीही खूण राहणार नाही याची काळजी घ्यावी. त्या बैठकीला जाताना मी अजूनही प्रत्येक केसच्या पहिल्या ओळीत वय आणि तक्रार यांच्या आधी मुलाची घरची भाषा लिहितो.